बालकांचा मुतखडा : एका जखमेचा इतिहास

मुतखडा हा शब्द मराठी घरांना नवा नाही. कुळथाचे कढण, गोखरूचा काढा आणि भरपूर पाणी पिण्याचा वडीलधाऱ्यांचा उपदेश या गोष्टी त्या शब्दाबरोबर पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या आहेत. मात्र मुतखडा म्हटला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो कमरेवर हात दाबून कळा सोसणारा प्रौढ मनुष्य. चार-पाच वर्षांच्या मुलालाही हा रोग होतो असे सांगितले, तर पुष्कळांना नवल वाटते. इतिहासाची साक्ष मात्र याच्या उलट आहे. शतकानुशतके मुतखडा हा मुख्यत्वे मुलांचा, विशेषतः गरिबाघरच्या मुलग्यांचा रोग होता. आज ज्या शल्यविद्येचे आपण कौतुक करतो, तिची एक मोठी परीक्षा या मुलांच्या देहांवरच झालेली आहे.

मानवी देहात सापडलेला अतिप्राचीन खडा पाहिला तरी हेच दिसते. १९०१ मध्ये इलियट स्मिथ या संशोधकाला ईजिप्तमधील एल अम्रा येथील दफनभूमीत तो खडा मिळाला. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४८०० वर्षे असा धरला गेला आणि तो ज्याच्या देहात होता तो मुलगा सोळा वर्षांच्या आसपासचा होता. लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेला तो खडा १९४१ च्या बाँबवर्षावात नष्ट झाला. पण त्याने दिलेली साक्ष नष्ट झाली नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने या रोगाला ‘अश्मरी’ असे नाव दिले आहे. तिच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या रोगाला स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ आणि शुक्र यांपासून होणाऱ्या चार प्रकारच्या अश्मरी सांगून सुश्रुत म्हणतो की, यांपैकी पहिल्या तीन बहुधा बालकांत आढळतात. त्याचे कारण तो मुलांच्या खाण्यापिण्यात आणि दिवसा झोपण्यासारख्या सवयींत शोधतो. त्याचे पुढील निरीक्षण केवळ प्रत्यक्ष शस्त्र चालविणाऱ्यालाच सुचावे असे आहे. मुलांचा मूत्राशय लहान असतो आणि त्यांच्या अंगावर मांसमेद बेताचाच असतो. त्यामुळे त्यांचा खडा हाती लागण्यास सोपा, असे तो सांगतो.

ही शस्त्रक्रिया तो तपशीलवार सांगतो. वैद्याने डाव्या हाताची स्निग्ध केलेली दोन बोटे गुदद्वारातून आत घालावी, पोटावरून दाब देऊन खडा खाली आणावा आणि शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मापाचाच छेद घ्यावा. खडा फुटणार नाही, त्याचा चुराही मागे राहणार नाही, याची काळजी घ्यावी. कारण राहिलेला कण पुन्हा वाढतो. छेद घेताना शरीराचे कोणते भाग वाचवावयाचे, तेही त्याने मोजून दिले आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, असे त्याने सांगितले आहे.

या अध्यायातील आणखी एक सूचना विचारात घेण्याजोगी आहे. शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू निश्चित आणि केली तर यशाविषयी शंका, अशा प्रसंगी वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घेऊन मगच शस्त्र हाती घ्यावे, असे सुश्रुत सांगतो. एवढा निष्णात शल्यवैद्यही या एका छेदापुढे थबकत होता, हाच त्याचा अर्थ होय.

हा संकोच केवळ आपल्याकडेच होता असे नाही. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, आपण खड्यासाठी छेद घेणार नाही, ते काम त्यातील जाणकारांवर सोपवू, असे वैद्य वचन देतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने सुश्रुताच्या पद्धतीशी पुष्कळशी जुळणारी शस्त्रक्रिया वर्णिली आहे. पण ती नऊ ते चौदा या वयाच्या मुलांवर आणि तीही वसंत ऋतूतच करावी, असे बंधन त्याने घातले. पुढे कित्येक शतके युरोपात हा छेद बहुधा गावोगाव फिरणारे लोक घेत. भूल देण्याची विद्या नव्हती. मुलाला मांडीवर घट्ट धरून ठेवावयाचे आणि जेवढ्या त्वरेने होईल तेवढ्या त्वरेने काम उरकावयाचे, हाच काय तो दयेचा मार्ग होता.

लंडनच्या विल्यम चेझेल्डन याने १७२७ पासून ही त्वरा पराकोटीला नेली. त्याचा छेद एका मिनिटाच्या आत पुरा होई, अशी त्याची ख्याती होती. त्याने आपल्या २१३ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतील २० जण दगावले होते. पण या आकड्यांच्या पोटात दुसरा एक आकडा होता. दहा वर्षांखालील १०५ मुलांपैकी केवळ तीनच मृत्यू पावली होती. मुलांना हा छेद मोठ्यांपेक्षा चांगला मानवतो, असा याचा अर्थ निघाला आणि तो खराही होता. परंतु या खऱ्या गोष्टीतूनच पुढे एक चुकीची समजूत दृढ झाली. मूल छेदातून जगते, तेव्हा त्याच्यासाठी छेदावाचून दुसरा उपाय शोधण्याची आवश्यकताच काय, असे शल्यवैद्य मानू लागले.

मोठ्यांसाठी तो उपाय १८२४ मध्ये निघाला. पॅरिसच्या झां सिव्हियाल याने त्या वर्षाच्या जानेवारीत मूत्रमार्गातून एक उपकरण आत घालून मूत्राशयातील खडा जागच्या जागी फोडून दाखविला. शरीरावर कोठेही चाकू न लावता, निसर्गाने ठेवलेल्या वाटेनेच आत शिरून केलेली ही शस्त्रक्रिया. आजच्या अल्पच्छेदी शल्यविद्येचा आरंभ पुष्कळ इतिहासकार येथूनच मानतात. १८३५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या पद्धतीचा हिशेब मांडला गेला. छेद घेतलेल्या ५,४४३ रुग्णांपैकी १,०२४ मृत्यू पावले होते. खडा फोडलेल्या २५७ रुग्णांपैकी सहा. ही तुलना सर्वस्वी सरळ नव्हती, कारण फोडण्यासाठी त्यातल्या त्यात सोपे रुग्ण निवडले जात. तरीही या दोन आकड्यांतील अंतर डोळ्यांआड करण्यासारखे नव्हते.

सिव्हियालच्या पद्धतीत खडा थोडाथोडा करून अनेक बैठकींत फोडावा लागे आणि तुकडे आपोआप बाहेर पडण्याची वाट पाहावी लागे. बोस्टनच्या हेन्री बिगेलो याने १८७८ मध्ये हा दोष दूर केला. १८४६ मध्ये ईथरच्या भुलेचा पहिला वृत्तांत जगापुढे मांडणारा हाच तो बिगेलो. भुलेखाली मूत्राशय बराच वेळ उपकरण सहन करतो, हे ओळखून त्याने एकाच बैठकीत खडा पुरता फोडण्याची आणि चुरा रुंद नळीवाटे पाण्याबरोबर ओढून काढण्याची रीत घालून दिली. तिला लिथोलॅपॅक्सी असे नाव पडले. मात्र तिची उपकरणे जाड होती. मुलाच्या कोवळ्या मूत्रमार्गातून ती जाणारच नाहीत, असे बहुतेकांनी ठरवून टाकले. मुलांचे दैव पुन्हा चाकूशीच बांधले गेले.

हे मत खोडून काढणारा अनुभव लंडन वा पॅरिसमध्ये नव्हे, तर माळव्यातील इंदुरात जमा झाला. होळकरांची राजधानी असलेल्या या शहरात इंग्रजांची रेसिडेन्सी होती आणि तेथे डेनिस कीगन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील शल्यवैद्य काम करीत होता. पंजाब, राजस्थान, गुजरात आणि माळवा या प्रदेशांत तेव्हा मूत्राशयाच्या खड्याचे रुग्ण विलक्षण संख्येने आढळत आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा असे. युरोपातील शल्यवैद्याला मिळणार नाही असा अनुभव येथे अल्पावधीत मिळे. कीगनने १८८० नंतरच्या दशकात बेताच्या जाडीची उपकरणे घेऊन लहान मुलांवर बिगेलोची पद्धत वापरावयास सुरुवात केली. मुलाचा मूत्रमार्ग समजतात तेवढा अरुंद नसतो, हळुवारपणे वागविल्यास तो पुरेसा ताणला जातो, हे त्याने एकामागून एक रुग्णांवर दाखवून दिले आणि आपले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. उत्तर हिंदुस्थानात फ्रायर आणि इतर शल्यवैद्यही हीच पद्धत पुढे नेत होते.

मुले छेदातून जगतच होती, तर कीगनने हा खटाटोप कशासाठी केला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जगणे आणि निरोगी जगणे यांत अंतर असते. शिवणीजवळच्या छेदाने काही मुलांची लघवीवरील सत्ता कायमची जाई, काहींची जखम वाहतच राही आणि काहींच्या वीर्यवाहिन्यांना इजा होऊन त्याचे फळ वयात आल्यावर दिसे. मृत्यूच्या तक्त्यात यांपैकी कशाचीच नोंद होत नसे. सत्तर वर्षांच्या रुग्णाला जखमेसह काही वर्षे काढावयाची असतात. पाच वर्षांच्या मुलाला तिच्यासह सारे आयुष्य काढावयाचे असते. मुलाच्या बाबतीत जखम लहान असण्याचे महत्त्व मोठ्यांपेक्षा कमी नसून अधिक आहे, ही गोष्ट इंदूरच्या त्या कार्यामुळे प्रथम ठळकपणे पुढे आली.

मुलांच्या मूत्राशयात एवढे खडे होतच का होते, या प्रश्नाचे उत्तर शस्त्रात नव्हते, ते ताटात होते. १९२० व १९३० च्या दशकांत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन याने उंदरांना निरनिराळे आहार देऊन पाहिले. दुधावाचून आणि जीवनसत्त्वांवाचून केवळ धान्यावर पोसलेल्या उंदरांना खडे होत. आहारात दूध आले की ते टळत. हा दोष केवळ गव्हाचा मात्र नव्हता. भात खाणाऱ्या ईशान्य थायलंडमध्येही हा रोग मुलांत घर करून होता आणि तेथेही तान्ह्या मुलांना फार लवकर केवळ भात भरविला जाई. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या मुलाच्या लघवीत फॉस्फेटची उणीव आणि अमोनियाचा अतिरेक होतो, त्यातून यूरेटचे खडे धरतात. मूत्राशयाचा खडा हा दारिद्र्याचाच एक साका होता, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपातून हा रोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मागे हटला; भारतात तो स्वातंत्र्यानंतरच्या काळात मागे हटू लागला. याच काळात देशाच्या मध्यभागी भिलाई उभी राहत होती. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेल्या छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्याचा हा भाग. १९५६ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार ज्या प्रांतात चाले, त्याची राजधानीही नागपूरच होती. सोव्हिएट रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव वसाहत आली, शाळा आल्या, सेक्टर नऊमधील मोठे रुग्णालय आले. देशाच्या सर्व भागांतून आणि शेजारच्या विदर्भातूनही कुटुंबे येऊन येथे स्थायिक झाली. नियमित वेतन आणि घराजवळचा दवाखाना ज्यांना लाभला, अशा मुलांची एक पिढी अशा नव्या औद्योगिक शहरांत वाढली.

परंतु आहार सुधारला म्हणून मुतखडा गेला नाही. त्याने केवळ जागा बदलली. मूत्राशयातील खडे विरळ झाले आणि मुलांच्या मूत्रपिंडातील खडे अधिक दिसू लागले. त्यांची कारणे निराळी आहेत. कोणाच्या मूत्रमार्गात जन्मतः अडथळा असतो, कोणाला वारंवार जंतुसंसर्ग होतो, कोणाच्या लघवीतून चुना अधिक जातो, तर कोणाच्या देहातील रसायनांत आनुवंशिक दोष असतो. त्यात पाणी कमी प्याले गेले की लघवी दाट होते आणि खडा धरण्यास सोपे जाते. भिलाईचा किंवा नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

मूत्राशयाला निसर्गाने बाहेरची वाट दिली आहे; मूत्रपिंड मात्र पाठीच्या स्नायूंखाली, बरगड्यांच्या आड दडलेले. १८८० च्या सुमारास त्यातील खडे छेद घेऊन काढले जाऊ लागले, आणि पुढील शंभर वर्षे मार्ग तोच राहिला. कुशीवर लांब छेद, कधी बरगडीचा तुकडा काढणे, मग मूत्रपिंड उघडणे, आणि त्यानंतर कित्येक आठवड्यांची विश्रांती. अशी शस्त्रक्रिया एकदा सोसता येते. पण मुलाला पुन्हा खडा झाला, तर जुन्या व्रणातून वाट काढणे प्रत्येक वेळी अधिक बिकट होत जाते.

१९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत एक अरुंद मार्ग करून त्यावाटे खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. चार वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९८० रोजी, म्यूनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शरीराला स्पर्शही न करता, पाण्यातून पाठविलेल्या आघात-तरंगांनी रुग्णाचा खडा फोडला. विमाने बनविणाऱ्या डॉर्निये या कंपनीतील संशोधनातून हे यंत्र निघाले होते. रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्यावर तरंग सोडले जात. सुश्रुताची द्रोणी शस्त्रक्रियेनंतरच्या आरामासाठी होती. येथे पाणी हेच शस्त्राचे वाहन झाले.

दोन्ही शोध पुन्हा मोठ्यांच्या मापाने झाले होते. यंत्राची खुर्ची प्रौढ माणसासाठी घडविलेली; मुलाला तीत बांधून बसवावे लागे, आणि त्याची फुप्फुसे मूत्रपिंडाच्या फार जवळ असल्यामुळे त्यांच्या रक्षणासाठी फोमचे तक्ते लावावे लागत. १९८६ च्या सुमारास मुलांवरील अनुभव प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा शंका बाळगणाऱ्यांना एक सुखद गोष्ट कळली. मुलांच्या मूत्रवाहिन्या लवचिक असतात, आणि फुटलेले कण त्यांतून मोठ्यांपेक्षाही सहज उतरतात. इंदुरात मूत्रमार्गाविषयी जे दिसले होते, तेच शंभर वर्षांनी मूत्रवाहिनीविषयी दिसून आले.

पाठीतून काढलेल्या मार्गाची अडचण मात्र मापाचीच होती. प्रौढांसाठी हा मार्ग सुमारे आठ ते दहा मिलिमीटर रुंद करीत. पाच वर्षांच्या मुलाचे सारे मूत्रपिंड साडेसात-आठ सेंटिमीटर लांबीचे असते; त्यात एवढे भोक पाडणे म्हणजे रक्तस्रावाचे भय. १९८५ मध्ये मुलांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे प्रसिद्ध झाले, ती मोठ्यांच्याच उपकरणांनी केलेली होती. त्यानंतर लक्ष वळले ते मार्ग लहान करण्याकडे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुमारे चार-पाच मिलिमीटरच्या नळ्या प्रथम मुलांसाठीच वापरल्या गेल्या, आणि ती रीत पुढे मोठ्यांनीही स्वीकारली. शिकवणीचा ओघ येथे प्रथमच उलटा झाला. लहानांसाठी शोधलेली गोष्ट मोठ्यांच्या उपयोगी पडली.

या मालिकेतील एक महत्त्वाचे पाऊल पुन्हा भारतात पडले. गुजरातमधील नडियाद येथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मूळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयात डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘मायक्रोपर्क’ या शस्त्रक्रियेचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. जिच्यातून आतले दृश्य दिसते अशी सुई मूत्रपिंडात घालावयाची आणि तिच्याच पोकळीतून लेसरचा तंतू नेऊन खड्याचा चुरा करावयाचा. सुईची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर. त्या पहिल्या दहा रुग्णांत दोन मुले होती. या रीतीलाही मर्यादा आहेत. सुईतून चुरा बाहेर काढता येत नाही, तो आपोआप पडावा लागतो. म्हणून ती लहान खड्यांनाच योग्य. मोठ्या खड्याला थोडा रुंद मार्ग, मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याला खालून जाणारी बारीक दुर्बीण, इतर अनेकांना आघात-तरंग, असा विवेक शल्यवैद्याला करावा लागतो. मुलाला क्ष-किरणांचा ताप होऊ नये म्हणून श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने मूत्रपिंडाचा वेध घेण्याची रीतही याच काळजीतून वाढली.

सुश्रुताच्या काळी खड्याएवढा छेद, आणि आज सुईच्या टोकाएवढा. एवढ्यावर हा इतिहास संपला असे वाटण्याचा संभव आहे. पण मागे राहिलेला कण वाढतो, हे सुश्रुताचे वचन आजही खोटे ठरलेले नाही, आणि खडा पुरता निघाला तरी तो घडविणारे कारण देहातच राहते. १८१० मध्ये वुलस्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मूत्राशयातील एका विलक्षण खड्याचे पृथक्करण केले. तो पाच वर्षांच्या मुलाचा होता. त्यातून सिस्टीन हा पदार्थ जगाला प्रथम कळला. शंभर वर्षांनी, १९०८ मध्ये, गॅरड याने जन्मजात रासायनिक दोषांची जी कल्पना मांडली, तिच्या मोजक्या उदाहरणांत सिस्टीनचा हा विकार होता. अशा मुलाला खडे पुन्हा पुन्हा होतात. म्हणून मुलाच्या अंगातून निघालेला खडा टाकून द्यावयाचा नसतो. तो तपासावयाचा असतो, त्याच्या लघवीची आणि रक्ताची परीक्षा करावयाची असते, आणि नंतर अनेक वर्षे त्याच्याकडे लक्ष ठेवावयाचे असते.

ज्या मुलाला हा रोग पुन्हा होण्याचा संभव आहे, त्याच्या देहावर प्रत्येक जखमेची किंमत मोजूनच शस्त्र चालविले पाहिजे. इंदूरची नळी आणि नडियादची सुई यांचे महत्त्व या हिशेबात आहे. आज प्रश्न उरतो तो वेळेवर पोहोचण्याचा. मुलाला आपले दुखणे नीट सांगता येत नाही. पोटात दुखते एवढेच ते म्हणते, लघवी करताना रडते, कधी लघवी लालसर होते, कधी नुसताच ताप येत राहतो. ही चिन्हे जंतांची किंवा उन्हाची म्हणून अंगावर काढली, तर तोवर मूत्रपिंड झिजत जाते, आणि मग सुई कितीही बारीक असली तरी गेलेले मूत्रपिंड ती परत देत नाही. बस्तरच्या पाड्यावरील मुलाला काय किंवा भिलाईच्या वसाहतीतील मुलाला काय, पहिली मदत शल्यवैद्याकडून मिळत नाही. त्याच्या रडण्याकडे लक्ष देणाऱ्या घरच्या माणसाकडून आणि लघवीची साधी तपासणी करावयास सांगणाऱ्या गावच्या डॉक्टरकडून ती मिळते.